जुन्या ट्रकचा गंज : झाकायचा की काढायचा?

आपल्या वस्त्यांमधून मोटार लाइनवर पोट भरणारी घरे थोडीथोडकी नाहीत. कोणी ड्रायव्हर, कोणी क्लीनर, कोणी डेंटर, तर कोणी टायर-पंक्चरवाला. एखाद्याने आयुष्यभर दुसऱ्याची गाडी हाकून, पै पै साठवून स्वतःची जुनी गाडी घेतलेली असते. तिच्या भाड्यावर मुलांच्या फिया भरल्या जातात, मुलींची लग्ने होतात, पडवीची पक्की खोली होते. पुढे गाडी म्हातारी होते. इंजिन तरीही एका सेल्फला सुरू होते, पण पत्रा साथ सोडतो. मडगार्डला भोके पडतात, दाराचा खालचा काठ गळून पडतो. मग जो तो सांगू लागतो, "आता भंगारात घाला."

भंगारात घालायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण ठरवण्यापूर्वी गंज किती खोल गेला आहे हे तरी कळायला हवे. आमच्या वस्तीतील एका कुटुंबाच्या अशाच जुन्या ट्रकवर आम्ही पाच-सहा जणांनी मिळून सात रविवार काम केले. आम्ही स्वतः कचेरीतले कारकून. पान्यापेक्षा पेनच अधिक हाताळलेला. पण सोबत वीस वर्षे गॅरेजमध्ये पत्राकाम केलेला डेंटर होता. त्याच्याकडून जे शिकलो, ते वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहोत.

ट्रकची घडण

ट्रक होता टाटा-मर्सिडीजचा, पुढे लांब बॉनेट असलेला. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला हे ट्रक बांधायला सुरुवात केली. १९६९ साली तो करार संपला आणि बॉनेटवरच्या तीन टोकांच्या ताऱ्याच्या जागी टाटांचे 'टी' हे चिन्ह आले. आमच्यापुढचा ट्रक ताऱ्याच्या काळातला होता.

या गाड्यांची घडण समजून घेतली की दुरुस्ती सोपी होते. कारखान्यातून बहुधा इंजिन, चासी, बॉनेट, मडगार्ड आणि इंजिनमागचा पडदा एवढेच तयार येई. केबिन व मागचा हौदा बॉडी बांधणाऱ्यांकडे लाकूड, पत्रा, स्क्रू आणि बोल्ट वापरून बांधून घेत. त्यामुळे एक फायदा असतो आणि एक तोटा. फायदा असा की मडगार्ड, पायदान, दार हे भाग बोल्ट काढून सुटे करता येतात. घट्ट बसलेल्या बोल्टवर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवले तर सकाळी पुष्कळसे बोल्ट सुटतात. तोटा असा की लाकडात पाणी मुरते आणि त्याला चिकटलेला पत्रा महिनोन् महिने ओला राहतो. वरून रंग चकचकीत दिसतो आणि आतून पत्रा पापडासारखा झालेला असतो.

गंज येतो कुठून?

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. त्यात मीठ मिसळले की त्याचा वेग कितीतरी वाढतो. म्हणून कोकणपट्टीतल्या किंवा मीठ आणि खते वाहणाऱ्या गाड्या लवकर जातात. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात तो भरला की सांधा फुगतो आणि रंगाचे पोपडे सुटतात.

पाणी जिथे साचते तिथे गंज आधी शोधावा. मडगार्डच्या आतल्या काठावर साचलेला चिखल, दाराच्या तळाशी बुजलेली पाणी जाण्याची भोके, पुढच्या काचेच्या रबराखालची पट्टी आणि केबिनमधील रबरी चटईखालचा तळपत्रा ही त्याची हमखास ठिकाणे. चटई उचलून पाहिल्याशिवाय कोणत्याही जुन्या गाडीबद्दल मत देऊ नये.

लोहचुंबकाची परीक्षा

तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. एक लोहचुंबक घ्यावा, त्याला मऊ फडके गुंडाळावे आणि पत्र्यावरून फिरवावा. पत्रा असेल तिथे चुंबक धरून ठेवतो. जिथे तो निसटतो, तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, थापलेली आहे असे समजावे. त्यानंतर स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने संशयाच्या जागा टोचाव्यात. घट्ट लागले तर गंज वरवरचा. खड्डे लागले तर मधला. टोक आत गेले तर पत्रा संपला.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि खरखरीत पॉलिश पेपरने लखलखीत धातू दिसेपर्यंत काढावा. खड्ड्यांतला गंज ब्रशने निघत नाही. त्याला फॉस्फोरिक आम्लाचे गंज काढण्याचे औषध डब्यावरील सूचनेप्रमाणे, हातमोजे घालून लावावे. स्वस्त पडते म्हणून संडास धुण्याचे ॲसिड मात्र कधीही वापरू नये. त्यातील क्षार सांध्यात राहतात आणि गंज पुन्हा जोराने उठतो. आरपार गेलेल्या पत्र्याला कोणतेच औषध नाही. तो कापावाच लागतो.

लांबी भरून विकावे काय?

आमच्या ट्रकचा तळपत्रा टोचला, तेव्हा क्लचच्या पायाखाली स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. मडगार्डच्या दोन्ही काठांना चुंबक धरेना. जुन्या कोणा मालकाने तिथे बोटभर लांबी भरलेली निघाली. गाडी पाहायला एक गिऱ्हाईक आणणारा दलाल आला होता. त्याचा सल्ला सरळ होता. खालून जाळी लावा, लांबी थापा, झकास रंग मारा आणि पावसाळ्यापूर्वी विकून टाका. किंमतही बरी येणार होती, आणि घरात पैशांची निकड होती.

त्या घरच्या आजोबांनी ऐकून घेतले. तीस वर्षे त्यांनी ही गाडी चालवली होती. ते म्हणाले, "ज्या जागी माझा पाय होता, त्या जागी उद्या दुसऱ्या ड्रायव्हरचा पाय असेल. त्याचीही लेकरं घरी वाट पाहतात." घाटात ब्रेक दाबताना पायाखालचा पत्रा बसला तर काय होईल, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. सूनबाईंनी गाडी न विकण्याचे ठरवले, आणि कामाला सुरुवात झाली.

लांबी वाईट नव्हे. ठोकून सरळ केलेल्या पत्र्याची बारीक उंच-सखल भरण्यासाठी ती असते. पण तिचा थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसावा, आणि भोकावर किंवा गंजावर ती कधीच भरू नये. पुट्टी ओल शोषते. खाली गंज वाढत राहतो आणि काही महिन्यांत वरचा थर खपलीसारखा निघतो.

कापणे आणि ठिगळ लावणे

आमच्या डेंटरचा पहिला नियम : खराब दिसते तेवढेच कापू नका, दोन-तीन सेंटिमीटर चांगल्या पत्र्यात जाऊन कापा. कुजलेल्या काठाला टाका बसत नाही, तो जळून जातो. दुसरा नियम : ठिगळाचे कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यातून पत्रा पुन्हा चिरतो.

आधी पुठ्ठ्याचा साचा करावा. पुठ्ठा जागेवर धरून, पेन्सिलीने आखून, कात्रीने कापून पाहावा. हे काम घरातल्या शिवणकाम येणाऱ्या बायकांना आमच्यापेक्षा चांगले जमले. ब्लाऊज बेतणाऱ्या हाताला वळणदार मडगार्डचा बेत कठीण वाटला नाही. पुठ्ठा बरोबर बसल्यावरच पत्रा कापावा.

पत्रा जुन्याच्या जाडीचा घ्यावा. दुकानात तो गेजमध्ये मागतात. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो हे लक्षात ठेवावे. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, तर २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर. वेल्डिंगसाठी साधा सीआर पत्रा आणावा. छपराचा जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा वेल्डिंगला घेऊ नये. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

जाडजूड रॉडने केलेल्या साध्या आर्क वेल्डिंगमध्ये पातळ पत्र्याला भोके पडतात. गॅस वेल्डिंग किंवा सीओ-टू वेल्डिंग येणारा कारागीर बोलवावा. सलग शिवण न मारता आधी सुटे टाके द्यावेत : एक या कोपऱ्यात, दुसरा समोरच्या कोपऱ्यात, मग मध्ये. पत्रा हात लावण्याइतका थंड झाल्यावरच पुढचा टाका द्यावा. घाई केली की पत्रा उष्णतेने लहरी घेतो, आणि त्या लहरी हातोडी व डॉलीने काढण्यात दिवस जातो. आम्ही सुटे करणे, घासणे, साचा करणे, कापणे व बसवणे हे सगळे स्वतः केले. वेल्डरला फक्त टाक्यांपुरते दोन वेळा बोलावले. मजुरी तिथे वाचली.

केबिनच्या खांबातील कुजलेले लाकूडही त्याच वेळी बदलले. ओल्या लाकडावर नवा पत्रा ठोकणे म्हणजे गंजाला नवे घर बांधून देणे होय. लाकूड वाळलेले घ्यावे आणि रंगाचा हात देऊन मगच पत्र्याखाली बसवावे.

जे घरी करूच नये

चासीच्या लांब तुळया, स्टिअरिंगचा आणि स्प्रिंगांचा आधार, तसेच केबिन चासीला धरून ठेवणारे भाग यांवर घरगुती वेल्डिंग करू नये. तिथे गंज दिसला तर जाणत्या कारखान्यातच जावे. चासीवर कोरलेला नंबर ग्राइंडरने घासू नये. तो गेला तर कागदपत्रांचा घोळ होतो.

डिझेलची टाकी काढून दूर ठेवावी. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. रिकाम्या टाकीत साठलेली वाफ अधिक घातक असते. बॅटरीच्या वायरी सोडाव्यात. वाळूच्या बादल्या जवळ ठेवाव्यात, आणि आसपासच्या घरांतले गॅस सिलिंडर कुठे आहेत ते पाहूनच जागा निवडावी. तारेवर आकडा टाकून वेल्डिंग मशीन चालवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. गाडी नुसत्या जॅकवर उभी असताना कोणीही खाली शिरू नये. लाकडी ठोकळे लावावेत.

जुन्या रंगात, विशेषतः पिवळ्या-नारिंगी रंगांत, शिसे असू शकते. म्हणून कोरडे न घासता पाणी लावून घासावे. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला धुळीचा चांगला मास्क असावा; तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. लहान मुलांना लांब ठेवावे, आणि घासलेली माती त्यांच्या खेळण्याच्या जागी टाकू नये. गंजलेला पत्रा लागला तर धनुर्वाताचे इंजेक्शन घेण्यात हयगय करू नये.

रंग : आधी आतून, मग बाहेरून

बाहेरचा रंग जग पाहते, पण गाडी वाचते ती आतल्या रंगाने. प्रत्येक ठिगळाची मागची बाजू साफ करून तिला प्रायमर द्यावा. परवडत असेल तर दोन डब्यांचा एपॉक्सी प्रायमर उत्तम. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, पण नुसत्या रेड ऑक्साइडवर गाडी पावसात उभी ठेवू नये, त्यातून ओल आत शिरते. वर इनॅमलचे हात द्यावेत. रंगकाम दमट दिवशी करू नये. दाराच्या तळाची भोके पुन्हा मोकळी करावीत. दर पावसाळ्यानंतर मडगार्डच्या आतला चिखल धुऊन टाकावा. एवढ्या एका सवयीने पत्र्याचे आयुष्य वाढते.

हिशेब आणि कागद

कॉलेजात आम्ही 'घसारा' शिकलो : यंत्राची किंमत दरवर्षी किती घटते ते वहीत लिहायचे. गंज हा वहीत न लिहिलेला घसारा आहे. म्हणून कामापूर्वी वही घालावी. पत्रा, गॅस, प्रायमर, रंग, वेल्डरची मजुरी आणि आपले बुडालेले रोज हे सगळे मांडावे. बेरीज गाडीच्या उपयोगापेक्षा जास्त होत असेल, तर भंगारात देण्यात कमीपणा नाही. पण मग ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्यावी आणि तेथील प्रमाणपत्र घेऊन आरटीओतील नोंदणी रद्द करून घ्यावी. गाडी धंद्यासाठी रस्त्यावर आणायची असेल तर योग्यता प्रमाणपत्र लागते, आणि आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला ते दरवर्षी घ्यावे लागते. नुसत्या नव्या रंगावर ते मिळेल या भ्रमात राहू नये.

शेवटी एक गोष्ट तरुणांच्या आई-वडिलांसाठी. आमच्या डेंटरच्या हातात मोठी विद्या आहे, पण तिचा कागद नाही. त्यामुळे चांगल्या कारखान्याचे दार त्याला उघडले नाही. आयटीआयमध्ये वेल्डर, शीट मेटल वर्कर यांसारखे ट्रेड आहेत. ज्या मुलाचा हात पत्र्यावर बसतो, त्याला 'गॅरेजवाला' म्हणून हिणवू नका. त्याला तिथे घाला, आणि हातासोबत कागदही मिळवून द्या.

तो ट्रक आता ठोकला की एकसारखा वाजतो. लोहचुंबक कुठेही निसटत नाही. रंग साधाच आहे, ब्रशने मारलेला, जवळून पाहिले तर केसांच्या रेघा दिसतात. पण क्लचच्या पायाखाली आता नवा, घट्ट पत्रा आहे, आणि त्यावर आजोबांनी स्वतः उभे राहून पाहिले आहे.