बाळाचे पहिले अठ्ठावीस दिवस

पावसाळ्यात नाले भरले की भामरागड, एटापल्लीकडची कितीतरी गावे तालुक्यापासून तुटतात. जिवतीच्या डोंगरातल्या पाड्यांनाही दवाखाना लांबच. अशा वेळी आठ दिवसांचे बाळ दूध ओढेनासे झाले तर घरच्यांनी काय करावे? याचे उत्तर त्या रात्री शोधून सापडत नाही. ते सरकारने आणि गावाने आधीच ठरवून ठेवायचे असते. त्यालाच आरोग्याचे नियोजन म्हणतात. ते कसे करावे हे आपल्याच जंगलपट्ट्याने देशाला दाखवले आहे.

१९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. पुढे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या गावांतला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजायला घेतला. १९८८ मध्ये हजार बाळांमागे १२१ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. त्यातला मोठा वाटा पहिल्या २८ दिवसांचा होता.

म्हणून १९९५ पासून ३९ गावांत त्या-त्या गावातल्याच, थोडे शिकलेल्या बायकांना तयार केले गेले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जन्मताच श्वास अडला तर मदत करणे, जंतुदोष ओळखून औषध व इंजेक्शन देणे हे त्या शिकल्या. इतर ४७ गावांशी तुलना केली, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०११ मध्ये केंद्र सरकारने नवजात बाळाच्या घरभेटींचे काम देशभरातल्या आशाताईंकडे दिले.

आफ्रिकेतल्या इथिओपियानेही हीच वाट धरली. त्या गरीब देशाने १९९७ च्या सुमारास आरोग्याचा वीस वर्षांचा आराखडा केला. २००३ पासून दर पाच हजार वस्तीमागे दोन तरुणींना वर्षभर शिकवून सरकारी पगारावर नेमले. १९९० च्या तुलनेत तिथले पाच वर्षांखालील बालमृत्यू दोन तृतीयांशांनी घटले. आपल्या आशाताईला मात्र आजही पक्की नोकरी नाही, मानधन आणि कामामागे मोबदला आहे. ही उणीव आपण बोलून दाखवली पाहिजे.

योजना कागदावर आहे, ती आपल्या दारात आली का, हे आपणच पाहायचे. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताईने घरी यायचे असते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. त्यानंतर ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात. शहरातल्या वस्त्यांनाही आशाताई असतात. आपली कोण, हे माहीत करून घ्या.

बाळ दूध ओढत नसेल, सुस्त पडले असेल, रडणे क्षीण झाले असेल, अंग गार किंवा तापलेले असेल, श्वास जोरात चालत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट पाहू नका. अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका. आशाताईला हाक मारा, १०८ किंवा १०२ ला फोन करा. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले होते की, आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा. तेव्हा या घरभेटी म्हणजे कोणाचे उपकार नव्हेत.

आमची एक विनंती आहे. विहारातल्या महिला मंडळाने एक वही ठेवावी. वस्तीत बाळ कधी जन्मले, वजन किती, कोणत्या भेटी झाल्या, कोणत्या राहिल्या, एवढेच लिहावे. ग्रामसभेत किंवा नगरसेवकापुढे ती वही उघडावी. गडचिरोलीतही सुरुवात अशा मोजणीनेच झाली होती.