पोटातील देवघेव

शहापूर-मुरबाडच्या माणसाला पाण्याचा हिशेब नव्याने सांगावयास नको. १८९२ साली तानसा धरण पुरे झाले तेव्हापासून शहापूरचे पाणी मुंबईकडे जात आहे, आणि उन्हाळ्यात येथल्याच कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. असाच एक हिशेब आपल्या पोटातही अहोरात्र चालतो. तो चुकला म्हणजे जिवावर बेतते.

नागलीच्या भाकरीचा घास घ्या. तो तोंडात पडण्यापूर्वीच, नुसत्या वासाने, तोंडाला पाणी सुटते. हा मज्जातंतूंचा हुकूम. लाळेने घास ओला होतो आणि त्यातील पिष्टाची साखर होऊ लागते. म्हणूनच भाकरी सावकाश चावली की गोडसर लागते. पुढे जठरातील ग्रंथी आम्ल व पेप्सिन ओततात आणि डाळीतील प्रथिने फुटू लागतात. मग हे आंबट मिश्रण थोडे थोडे लहान आतड्यात उतरते.

येथे एक कोडे आहे. पचनाचे मोठे काम करणारा रस स्वादुपिंडाचा. पण ती ग्रंथी आतड्याच्या बाहेर. अन्न आल्याचे तिला कळते कसे? १९०२ साली लंडनमध्ये बेलिस व स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडले व तेथे आम्ल सोडले. तरीही स्वादुपिंडाचा रस वाहू लागला! निरोप रक्तातून गेला होता. आतड्याच्या अस्तरातून निघणाऱ्या या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन हे नाव दिले. त्याच्या निरोपाने येणारा क्षारयुक्त रस जठराचे आम्ल मारतो. अन्नात तेल-तूप असेल तर कोलेसिस्टोकायनिन हे दुसरे संप्रेरक पित्ताशय आकुंचित करते व पित्त आतड्यात येते. तात्पर्य, आतडे ही नुसती नळी नव्हे. मागणी तेच नोंदविते, आणि ग्रंथी ती पुरवितात.

आता हिशेब पाहू. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस व आतड्याचा रस मिळून दिवसाला सुमारे सात लिटर द्रव पोटात ओतला जातो. खाण्यापिण्यातून आणखी दोन लिटर. या नवांपैकी मलावाटे जाते ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. बाकी सारे आतडे परत घेते. ग्रंथींनी उधार द्यावे आणि आतड्याने फेडावे, असा हा व्यवहार.

दूषित पाण्यातून पटकीचे जंतू आले की हा व्यवहार मोडतो. अस्तर उलट पाणी ओतू लागते आणि लहान मूल काही तासांतच सुकून जाते. पण एक वाट तेव्हाही उघडी राहते. अस्तरातील एक दार मीठ व साखर यांना जोडीनेच आत घेते, आणि त्यांच्यामागून पाणी जाते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडानेच पाजविले. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले.

म्हणून जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडू नये. आशा कार्यकर्तीकडे जलसंजीवनीची पुडी मिळते. ती नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे आणि घोट घोट पाजावे. मीठ जास्त पडू देऊ नये. अंगावरचे दूध चालू ठेवावे. मोठ्या मुलाला मिठाची पेजही चालते, कारण तांदळाच्या पिष्टाची पोटात साखरच होते. डोळे खोल गेले, मूल मलूल झाले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडले, तर विलंब न करता दवाखाना गाठावा. आणि वाटेतही वाटी-चमचा हातचा सोडू नये.