कण्यावाचूनचे विश्व

एखाद्याला 'कणा नसलेला' म्हटले, की त्याच्या दुबळेपणाविषयी आणखी काही सांगावे लागत नाही. प्राणिसृष्टीचा हिशेब मात्र याच्या अगदी उलट आहे. शास्त्रज्ञांनी आजवर नावे देऊन नोंदविलेल्या प्राण्यांच्या जाती सुमारे १५ लाखांच्या घरात जातात. त्यांत मासे, बेडूक, सरपटणारे प्राणी, पक्षी आणि मानवासह सारे सस्तन प्राणी मिळून पाऊण लाखाच्या आसपासच भरतात. म्हणजे शंभर जातींपैकी पंचाण्णवांच्या वर जाती पाठीच्या कण्यावाचूनच सुखाने नांदत आहेत.

अठराव्या शतकात लिनिअसने या अफाट पसाऱ्याची बोळवण 'कीटक' आणि 'कृमी' या दोनच वर्गांत केली होती. १७९३ साली पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात लामार्ककडे हे दोन उपेक्षित वर्ग सोपविण्यात आले. तोवर वनस्पतिशास्त्रात रमलेला हा पंडित पन्नाशीच्या उंबरठ्यावर नव्या विषयाचा विद्यार्थी झाला. त्याने कोळी व विंचू कीटकांपासून निराळे काढले, खेकडा व कोळंबी यांना स्वतंत्र स्थान दिले आणि या साऱ्यांना मिळून 'पृष्ठवंशहीन' ही संज्ञा रूढ केली. पण या संज्ञेने त्या प्राण्यांजवळ काय नाही एवढेच कळते. आधारावाचून शरीर उभे राहत नाही. तेव्हा कण्याऐवजी त्यांच्याजवळ काय आहे, हा खरा प्रश्न होय.

सर्वांत साधे उत्तर पाण्याचे आहे. गांडुळाच्या देहात एकही हाड नसते. त्याचे शरीर अनेक वलयांचे बनलेले असून आत द्रव भरलेला असतो. आडव्या वलयाकार स्नायूंनी हा द्रव आवळला, की वलये लांब व बारीक होतात. उभे स्नायू आखडले, की ती आखूड व जाड होतात. त्वचेवरील सूक्ष्म राठ केस मातीला टेकवून गांडूळ पुढे सरकते. जो द्रव आधार देतो, तो सुकला तर प्राणी मेलाच! म्हणून उष्ण प्रदेशात पाण्याची काटकसर अपरिहार्य ठरते. लखनौचे प्राणिशास्त्रज्ञ कर्म नारायण बहल यांनी दाखविले, की फेरेटिमा या भारतीय गांडुळाच्या पुष्कळशा उत्सर्गनलिका आपला द्रव शरीराबाहेर न टाकता आतड्यात सोडतात आणि तेथे त्यातील पाणी पुन्हा शोषले जाते. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथावर भारतातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या वाढल्या.

खेकड्याने आधार बाहेर घातला आहे. त्याचे कवच हेच त्याचे हाड आणि तीच त्याची ढाल. परंतु हे चिलखत अंगाबरोबर वाढत नाही. म्हणून खेकड्याला ते वेळोवेळी उकलून टाकावे लागते. जुन्याखालून निघालेले नवे कवच मऊ असते. ते कठीण होण्यापूर्वी खेकडा पाणी शोषून फुगतो आणि पुढील वाढीसाठी जागा करून ठेवतो. वाढीचा काळ हाच त्याच्या सर्वाधिक असहायतेचा काळ असतो. त्या दिवसांत तो बिळात वा खडकाच्या फटीत दडून बसतो.

शंखातील प्राण्याची तऱ्हा याहून वेगळी. तो आपले घर कधीच टाकत नाही. देहाभोवतीचा मांसल पडदा चुन्याचा थर पाझरवीत राहतो आणि शंख तोंडाच्या काठाशी वाढत जातो. त्याच्या टोकाशी बालपणीचे चिमुकले वेढे तसेच जपलेले असतात. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पाणबुडे हे शंख काढतात आणि त्यांतूनच बंगालमधील सौभाग्यवतींच्या हातांतील शुभ्र शाखा घडतात.

या सर्व शिल्पकारांत प्रवाळाची करणी अद्भुत आहे. अंगठीत बसविले जाणारे पोवळे निराळ्या, तांबड्या प्रवाळाचे असते. बेटे उभारणारे प्रवाळ वेगळे. त्यांचा एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरांचाच असतो. तो आपल्या तळाशी चुन्याची वाटी रचतो, आणि असंख्य जीवांच्या हजारो वर्षांच्या रचनेतून प्रवाळभित्ती उभी राहते. या श्रमाला लागणारे बरेचसे अन्न त्याच्या पेशींत वसतीला असलेले सूक्ष्म शैवल सूर्यप्रकाशात तयार करून देते. लक्षद्वीपची बेटे अशा प्रवाळांच्या सांगाड्यांवर उभी आहेत. तेथे वाळूही प्रवाळाची आणि लाटांना अडविणारा बांधही प्रवाळाचाच.

हा संसार किती नाजूक आहे हे गेल्या काही दशकांत दिसून आले. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अंश-दीड अंशाने काही आठवडे तापले, तरी प्रवाळ व शैवल यांची सोबत तुटते. रंग देणारे शैवल निघून गेल्यावर प्रवाळ पांढराफटक पडतो आणि पाणी लवकर निवले नाही, तर उपासमारीने मरतो. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी भारतीय समुद्रांनी हे पाहिले. माणसाच्या कुदळीनेही कमी हानी केलेली नाही. मन्नारच्या आखातातील २१ बेटांपैकी २ बेटे पाण्याखाली गेली आहेत. चुन्यासाठी व बांधकामासाठी वर्षानुवर्षे प्रवाळ खणून नेला गेला, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. २००१ साली अशा कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला, स्थान मिळाले.

कायद्याने कुदळ थांबविता येते. तापणारे पाणी थांबविण्यास त्याहून मोठा निर्धार हवा. लक्षद्वीपच्या माणसाला स्वतःचा कणा आहे, पण त्याच्या पायाखालच्या भूमीचा कणा मात्र कणा नसलेल्या जीवांनीच रचलेला आहे. तो मोडला, तर ताठ उभे राहण्यासाठी जमीनच उरणार नाही.