दरी ते दर्या, दोघं चालत!

दोघांनी मिळून कुठे जायचं म्हटलं, की पर्याय किती असतात? कॅफे, मॉल, सिनेमा, नाहीतर बाइकवरून लोणावळा. कॅफेत दोन तास बसायचं तर दोनदा कॉफी मागवावी लागते, सिनेमात बोलता येत नाही आणि बाइकवर बोललेलं निम्मं वाऱ्यावर जातं. घरच्यांनी ठरवून दिलेली भेट असेल तर आणखीच पंचाईत! समोरासमोर बसायचं, मेन्यूकार्ड चाळायचं आणि 'हॉबीज काय?' असं विचारायचं. असा माणूस कळतो थोडाच? आपल्याकडे लग्नसुद्धा सात पावलं बरोबर चालल्याशिवाय पूर्ण होत नाही. मग ती सात पावलं टाकायच्या आधी सात-आठ किलोमीटर बरोबर चालून बघायला काय हरकत आहे? आणि पावलं टाकून झालेल्यांनीही पुन्हा एकदा चालून बघायला?

त्यासाठी ही घ्या एक वाट. दापोली तालुक्यातल्या आसूदच्या बागेतून मुरुडच्या समुद्रापर्यंत. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे 800 फुटांवर आहे. तिथून मुरुड बारा-तेरा किलोमीटर. गाडीने गेलात तर अर्ध्या तासात किनारा गाठाल, आणि वीकेंडला बहुतेक जण तेच करतात. काचा वर, एसी चालू, थेट बीच. मधली दरी मात्र खिडकीतून सरकून जाते. तुम्ही ती सोडू नका.

पाटाचं पाणी आणि पाळी

दापोलीहून हर्णैकडे जाणारी एसटी किंवा रिक्षा पकडा आणि सहा-सात किलोमीटरवर आसूदला उतरा. रस्ता सोडून बागेत शिरलात की दहा पावलांत हवा बदलते. दोन्हीकडे सरळसोट पोफळी, मधून नारळ, खोडांवर चढलेले मिरीचे वेल, कुठे जायफळाचं झाड. पायाखाली जांभ्या दगडाची पाखाडी आणि तिच्या कडेने झुळझुळणारा पाट. पंप नाही की मोटर नाही. वरच्या अंगाचं पाणी उताराने आपलं आपण खाली येतं आणि बागांना मिळतं.

अशा पाटाला शिस्त असते. पाणी एक आणि बागा अनेक, त्यामुळे पाळ्या लावाव्या लागतात. आपली पाळी संपली की आपल्या बागेकडचं तोंड बंद करून पाणी पुढच्याला सोडायचं. ज्यांना एकमेकांचं बोलणं मधेच तोडायची सवय आहे, त्यांनी हा पाट जरा थांबून बघावा.

याच बागांवर 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ येऊन गेलं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्यात बागाच्या बागा आडव्या झाल्या. वाडवडिलांनी लावलेली झाडं एका दुपारीत गेली. पोफळ लावली की लगेच सुपारी मिळत नाही, फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. नारळाचंही तसंच. तरी लोकांनी परत खड्डे खणले आणि रोपं लावली. चालताना उंच जुन्या पोफळींमध्येच कुठे कमी उंचीची एकसारखी रांग दिसली, तर ती त्या वेळची असू शकेल.

केशवराजाच्या पायऱ्या

पाखाडी उतरत उतरत ओढ्याशी येते. त्यावर अरुंद साकव आहे. पलीकडे केशवराजाच्या देवळाकडे जाणाऱ्या पायऱ्या. चढ फार लांब नाही, पण दम काढतो. आणि इथेच तुमची खरी परीक्षा सुरू होते. कोण पुढे जातं? पुढे गेलेलं माणूस मागे वळून बघतं का? मागे राहिलेलं 'थांब जरा' म्हणतं, की तोंड पाडून चढत राहतं? शेवटचं घोटभर पाणी कोण कुणाला देतं? व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षभर गप्पा मारून जे कळत नाही, ते इथे वीस मिनिटांत कळतं.

वर गर्द झाडीत विष्णूचं जुनं देऊळ आहे, शंख-चक्र-गदा-पद्म घेतलेली काळ्या पाषाणाची मूर्ती आहे आणि अंगणात गोमुखातून पडणारं गार पाणी आहे. हातपाय धुवा, बसा. पोफळींच्या शेंड्यांतून एखादा धनेश पंखांचा मोठा आवाज करत गेला तर नशीब समजा. रील करायचं असेल तर पटकन करून घ्या आणि मग फोन बॅगेत टाका. श्री. ना. पेंडसे याच पंचक्रोशीतले. त्यांच्या 'गारंबीचा बापू'मध्ये जे कोकण भेटतं ते इथलंच. कादंबरी वाचली नसेल तर परतीच्या प्रवासात तरी वाचायला घ्या. बापू आणि राधा यांनी एकत्र राहायचं ठरवल्यावर गावाने काय केलं, हे त्यात कळेल.

मुरुडची गोष्ट

देवळातून खाली या, आधी सांगून ठेवलं असेल तर एखाद्या घरी जेवा आणि ऊन कललं की मुरुडच्या रस्त्याला लागा. हा रस्ता डांबरी, उताराचा आणि अरुंद आहे. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, एकामागे एक चाला. साधारण तास-दीड तासात वाऱ्याचा वास बदलतो, माती रेताड होते आणि माडांची गर्दी सुरू होते. आलं मुरुड!

हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. चालण्याचं म्हणाल तर त्यांच्यापुढे आपण किस झाड की पत्ती! शाळकरी वयात परीक्षा द्यायला ते मुरुडहून साताऱ्याला चालत गेले होते. भर पावसात, सह्याद्री ओलांडून, शंभरहून जास्त मैल. आणि तिथे पोचल्यावर 'वयाने लहान दिसतोस' म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही.

पण तुम्हा दोघांसाठी त्यांची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर 1893 मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई बालविधवा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. विधवेशी लग्न केलं म्हणून याच मुरुडने कर्व्यांवर बहिष्कार टाकला. ज्या गावातून ते शिकायला बाहेर पडले, त्याच गावात बायकोला घेऊन उजळ माथ्याने चालणं अवघड झालं. पुढे ते गावावर रुसून बसले नाहीत. विधवांसाठी आश्रम, मग महिला विद्यापीठ असं काम करत राहिले आणि 1958 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. गोदूबाई म्हणजेच आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया. त्यांनी स्वतःची हकिगत 'माझे पुराण' या पुस्तकात सांगितली आहे. कर्व्यांचं 'आत्मवृत्त' वाचलंत तर सोबत हेही वाचा. एकाच संसाराच्या दोन बाजू कळतात.

आज मुरुडच्या रस्त्यावरून तुम्ही दोघं चाललात तर कुणी सभा भरवणार नाही. प्रश्न मात्र येतील. 'कुठले तुम्ही?' 'कोणाकडे उतरलात?' आणि मग जरा थांबून, 'दोघंच?' विचारणाऱ्या आजी वाईट नसतात, कोकणात चौकशी ही आपुलकीच असते. तरी उत्तर द्यावं लागतंच. जात वेगळी, घरी अजून सांगितलेलं नाही, किंवा नक्की नातं काय हे स्वतःलाच ठाऊक नाही, अशा वेळी 'दोघंच?' हा प्रश्न जड जातो. तेव्हा दोघांपैकी कोण बोलतं आणि कोण मोबाइलमध्ये तोंड घालतं, ते बघा. खोटं सांगायचं की खरं, हे आदल्या दिवशीच ठरवा. ते ठरवताना जे बोलणं होईल, ते अख्ख्या ट्रिपमधलं सगळ्यात कामाचं असेल.

पौर्णिमा बघून निघा

समुद्र गाठायचा तर भरतीचं गणित हवं. कोकणात ते तोंडपाठ असतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, तासभर इकडेतिकडे. म्हणजे अष्टमीला संध्याकाळी गेलात तर वाळू पाण्याखाली. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि सहाला ओहोटी असते, त्यामुळे मावळतीला लांबच लांब ओली वाळू चालायला मिळते. पौर्णिमा असेल तर समोर सूर्य बुडत असतो आणि पाठीमागे, तुम्ही जी दरी उतरून आलात त्या डोंगराकडून, चंद्र वर येत असतो. उत्तरेला हर्णैपुढे पाण्यातला सुवर्णदुर्ग दिसतो. ओहोटीच्या वेळी पोहायला मात्र उतरू नका, पाणी आत ओढतं.

निघण्याआधी

कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात पाखाडी शेवाळते आणि पाय घसरतो. शनिवार-रविवार टाळलात तर रस्त्यावर गाड्या कमी.

कसं : कोकण रेल्वेने खेड, तिथून एसटीने दापोली. मुंबई-पुण्याहून थेट एसटीही आहेत. मुरुडहून परतीची शेवटची गाडी कधी, हे सकाळीच दापोली स्टँडवर विचारून ठेवा.

काय घ्याल : ग्रिप असलेले बूट, प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी, टॉर्च, सुटे पैसे आणि दोघांची ओळखपत्रं. राहणार असाल तर खोली आधी फोन करून, दोघांची नावं सांगूनच ठरवा.

काय नको : ब्लूटूथ स्पीकर. बागेत पडलेली सुपारी किंवा नारळ उचलू नका, ती कुणाची तरी वर्षाची कमाई असते. आणि इअरफोन दोघांनीही घरीच ठेवा.