पापणीचे टाके आणि डोळ्यातली लेन्स

जळोचीतल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत मागं एक वेगळाच कर्जाचा अर्ज आला. एका ताईंच्या मुलीला पापण्यांची शस्त्रक्रिया करायची होती. पापण्या जड, डोळे सदा झोपाळू दिसतात, असं बघायला आलेल्या पाहुण्यांनी दोनदा ऐकवलेलं. आता लग्न ठरलेलं, तीन आठवड्यांवर आलेलं. मुलगी चष्म्याऐवजी लेन्स वापरते. "आठवड्यात टाके निघतील, मग लेन्स घालून हळदीला बसेन," असा तिचा हिशेब. अर्जावर सही करण्याआधी आम्ही दोघी-तिघी तिच्यासोबत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथं जे कळलं, ते आज तुम्हाला सांगतो.

पापणी म्हणजे नुसती शोभा नव्हे. दर उघडझापीला ती डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरते, धूळ पुसते. वरच्या पापणीच्या शस्त्रक्रियेत पापणीच्या घडीतच चीर देऊन जादा कातडी काढतात आणि बारीक टाके घालतात. टाके साधारण पाच ते सात दिवसांत काढतात. सूज आणि काळेनिळेपण उतरायला दोन आठवडे, कधी जास्तही लागतात.

टाके निघाले म्हणजे जखम आतून भरली, असं नाही. लेन्स घालताना-काढताना आपण पापणी बोटानं ताणतो. ताज्या जखमेवर तो ताण पडला तर ती उसवू शकते. दुसरं असं, की सुरुवातीला सुजेमुळं पापणी पुरती मिटत नाही, डोळा कोरडा पडतो. लेन्स तर अश्रूंच्या थरावरच तरंगते. कोरड्या डोळ्यात ती बुबुळाला घासते, आणि त्या ओरखड्यातून जंतू आत शिरतात. म्हणून बहुतेक डॉक्टर निदान दोन आठवडे लेन्स बंद ठेवायला सांगतात. कोरडेपणा असेल तर आणखी थांबवतात. नेमका दिवस तुमचा डोळा तपासूनच ठरतो, शेजारणीच्या अनुभवावरून नाही.

तोवर चष्मा. शस्त्रक्रियेआधीच नंबर तपासून चष्मा तयार ठेवावा. पहिले दोन दिवस डॉक्टर सांगतील तसं थंड शेकणं, झोपताना डोकं उंच ठेवणं, वाकून झाडलोट किंवा हंडा-घागर उचलणं बंद. काजळ, आयलायनर बंद. चुलीचा धूर आणि शेतातली धूळ यांपासून लांब राहायचं. घरच्यांनी एवढे दिवस तिच्या वाटणीचं काम उचलावं.

लेन्स पुन्हा सुरू करताना जुनी, उघडी पडलेली जोडी वापरू नये. हात साबणानं धुऊन कोरडे करावेत. लेन्स नळाच्या, बोअरच्या किंवा विहिरीच्या पाण्यानं कधीच धुऊ नये. उकळलेलं पाणीही नको, फक्त लेन्सचं द्रावणच वापरावं. पाण्यातला एक सूक्ष्म जीव बुबुळात शिरला तर नजर जाऊ शकते. लग्नासाठी रंगीत लेन्स एकमेकींत फिरवतात, तेही तितकंच घातक.

शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात जोराची कळ, एकदम वाढलेली सूज, अंधुक दिसणं किंवा पू दिसला तर सकाळची वाट बघू नका. लगेच दवाखाना गाठा.

आणखी एक. प्रत्येक जड पापणी सौंदर्याचा प्रश्न नसते. लहान मुलाची पापणी बाहुलीवर उतरली असेल तर तो डोळा आळशी होऊन नजर कायमची मंद राहू शकते. मोठ्या माणसाची पापणी अचानक पडली, एकाचे दोन दिसू लागले किंवा सोबत डोकं फार दुखलं, तर तो दुसऱ्याच आजाराचा इशारा असू शकतो. अशा वेळी आधी तपासणी. आपल्या बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्रविभागात दाखवता येतं. निव्वळ दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च मात्र सहसा आरोग्य विम्यात बसत नाही. तो खिशातूनच, म्हणून हिशेब आधी मांडावा.

त्या मुलीच्या पापण्यांना आजार नव्हता. तरीही तिला शस्त्रक्रिया हवीच होती, आणि डोळे तिचे, निर्णयही तिचाच. फक्त तिनं तारीख लग्नानंतर ढकलली. हळदीला लेन्स घालून, आपल्याच पापण्यांनी हसत बसली. पुढं शस्त्रक्रिया झाल्यावर तीन आठवडे चष्म्यावर काढले, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच लेन्स घातली. कर्ज गटानं दिलं, हप्तेही वेळेवर येतात.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गटात असा अर्ज आला तर हसू नका आणि घाईही करू नका. कार्यक्रमाची तारीख आणि जखम भरायची तारीख शेजारी-शेजारी लिहा. मगच सही करा.