चालण्याची शर्यत : समज आणि नियम

‘चालण्यात कसलं आलंय पदक?’ असं आपल्याकडे अगदी सहज म्हटलं जातं. पण ऑगस्ट 2021मध्ये केनियातल्या नैरोबीत 20 वर्षांखालील जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा झाली. तिथे रोहतकच्या अमित खत्रीने पुरुषांच्या 10 हजार मीटर चालण्याच्या शर्यतीत रौप्यपदक पटकावलं. त्याची वेळ होती 42 मिनिटे 17.94 सेकंद. म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकवर 25 फेऱ्या, प्रत्येक फेरी सरासरी 101.5 सेकंदांत. वेग ताशी 14 किलोमीटरच्या वर. रोज सकाळी धावणाऱ्या कितीतरी तरुणांना या वेगाने पाच किलोमीटर धावणंही जमणार नाही. अमित तेव्हा 17 वर्षांचा होता आणि तो धावत नव्हता.

मग चालण्याच्या शर्यतीतली मुलं कंबर हलवत अशी ‘विचित्र’ का चालतात? लोक हसतात ते इथेच, आणि या हसण्याचा मला मनापासून राग येतो. पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकला की त्याचा गुडघा सरळ हवा आणि शरीर त्या पायावर उभं येईपर्यंत तो सरळच राहायला हवा, असा नियम आहे. धावताना गुडघा वाकवून उसळी घेता येते, तो मार्ग इथे बंद. मग पाऊल लांब पडणार कसं? कंबर पुढे वळवून. पावलं जवळजवळ एकाच रेषेत पडतात, हात कोपरात वाकवून जोरात हलवावे लागतात. नखरा वाटणारी ती हालचाल नियमातूनच आलेली आहे.

दुसरा नियम जमिनीशी संपर्काचा, आणि त्याबद्दलचा गैरसमज सगळ्यात मोठा. मोबाइलवर संथ गतीची चित्रफीत बघून ‘हा बघा, दोन्ही पाय हवेत, फसवणूक!’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. नियमाचे शब्द मात्र नेमके आहेत : संपर्क तुटल्याचं उघड्या डोळ्यांना दिसता कामा नये. वेगवान कॅमेऱ्यात अव्वल खेळाडूंचेही दोन्ही पाय सेकंदाचा अगदी छोटा अंश हवेत दिसतात आणि हे या खेळातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. निर्णय पंचांच्या नजरेवर होतो, कॅमेऱ्यावर नाही. यावर वाद होऊ शकतो, पण खेळाडूला फसवा म्हणणं अन्यायाचं आहे.

एक चूक झाली की बाद, हेही खरं नाही. चूक होण्याची शक्यता दिसली की पंच पिवळा फलक दाखवतात, तो फक्त इशारा. नियम मोडल्याचं पक्कं दिसलं तर लाल कार्ड. एक पंच एका खेळाडूला एकच लाल कार्ड देऊ शकतो, आणि तीन लाल कार्डं झाली की खेळाडू बाद; म्हणजे त्यामागे तीन वेगवेगळ्या पंचांचं एकमत असतं. एकाच्या मर्जीवर कुणी बाद होत नाही. काही स्पर्धांत तिसऱ्या कार्डाला दंड म्हणून ठरावीक वेळ बाजूला थांबावं लागतं, चौथ्याला बाद. शेवटच्या 100 मीटरमध्ये मात्र उघड उल्लंघन झालं, तर मुख्य पंच थेट बाद करू शकतात. कधी कधी निर्णय शर्यत संपल्यावर कळतो : सिडनी ऑलिंपिकमध्ये 2000 साली मेक्सिकोच्या बर्नार्दो सेगुराने 20 किलोमीटरची अंतिम रेषा सगळ्यात आधी ओलांडली. बाद झाल्याचं त्याला नंतर कळलं आणि सुवर्णपदक पोलंडच्या रॉबर्ट कोझेन्योव्हस्कीला मिळालं.

दमलेल्या, मागे पडलेल्या खेळाडूची ओढ धावण्याकडे असते. नेमकी तीच आवरायची, हा या शर्यतीचा खरा कस. अमितच्या शर्यतीत तर त्यात उंचीचीही भर होती : नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटर उंचावर, हवा विरळ. अमितने त्याच वर्षी भोपाळला 40 मिनिटे 40.97 सेकंदांची वेळ दिली होती. नैरोबीत दीड मिनिटाहून जास्त वेळ लागला, त्यात या विरळ हवेचा वाटा असावा. सुवर्ण केनियाच्या हेरिस्टोन वान्योनीने जिंकलं, अवघ्या 7.10 सेकंदांनी. केनिया म्हणजे फक्त धावपटू, हा समजही त्या दिवशी मोडला.

शालेय किंवा विद्यापीठाच्या स्पर्धेत चालण्याची शर्यत असेल, तर एकदा ट्रॅकच्या कडेला जाऊन उभे राहा. पायांकडे बघा, पंचांच्या हातातल्या फलकांकडे बघा आणि त्या मुलांना हसू नका, टाळ्या वाजवा.