सैन्य पाठवायचं की नाही?

आमच्या वलगावच्या बचत गटाची बैठक म्हणजे वह्या, हप्ते आणि कुणाचा हप्ता राहिला यावरची कुजबुज. पण मागे एकदा विषय निघाला तो भलताच. टीव्हीवर परदेशातल्या युद्धाची बातमी पाहून एक मावशी म्हणाल्या, "तिथल्या लोकाईले तो हुकूमशहा नकोच होता म्हंतात. मंग बाहेरच्यानं येऊन काढला त बिघडलं काय?" त्यावर कोपऱ्यात बसलेली एक नवी सून पटकन बोलली, "काढनं सोपं हाये वं मावशी. पन त्याच्या मांगून घर कोन सांभाळन?" मग काय, हप्ते राहिले बाजूला आणि तासभर चर्चा रंगली!

देशाची सुरक्षा, परराष्ट्र धोरण हे विषय निघाले की आपल्याला चहा ठेवायला पाठवतात. "तुम्हाला काय कळतं त्यातलं?" असं वर ऐकवतात. पण मैत्रिणींनो, रणांगणावर जातो तो कुणाचा तरी मुलगाच असतो ना? आणि प्रश्न विचारायला आपण का लाजावं? याच वलगावजवळ, पेढी नदीपाशी 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्या अडाणी माणसाला प्रश्नावर प्रश्न विचारत जाणं. तेव्हा आपणही विचारू.

आपल्या देशापुढे हा प्रश्न अगदी दारात येऊन उभा राहिला तो 2003 साली. मार्चमध्ये अमेरिकेनं इराकवर हल्ला केला. आधी संहारक अस्त्रांचं कारण सांगितलं. ती काही सापडली नाहीत. मग लोकशाही आणण्याची भाषा जोरात सुरू झाली. एप्रिलमध्ये आपल्या लोकसभेनं ठराव केला, तेव्हा अध्यक्षपदावर आपले मनोहर जोशी होते. ठरावात कोणता शब्द घालायचा यावर बराच खल झाला आणि शेवटी हिंदीतल्या 'निंदा' या शब्दावर सगळ्यांचं जमलं. त्यानंतर अमेरिकेनं आपल्याकडे सैन्य मागितलं, थोडंथोडकं नाही, सतरा हजारांच्या आसपास जवान, उत्तर इराकसाठी. मोठी माणसं दोन्ही बाजूंनी बोलत होती. जगात वजन वाढेल, कंत्राटं मिळतील, असंही म्हणणारे होते. वाजपेयींनी डाव्या नेत्यांना "जरा जोरात विरोध करा" असं सुचवल्याचा किस्सा सांगतात. त्यातले एक होते नागपूरचे ए. बी. बर्धन. अखेर 14 जुलै 2003 ला सरकारनं ठरवलं, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसेल तर सैन्य जाणार नाही.

पुढे 2005 मध्ये इराकी बायकांनी जांभळ्या शाईची बोटं उंचावून मतदान केलं, ते फोटो मीही कौतुकानं पाहिले. पण त्यानंतर तिथे पंथापंथांत कत्तली झाल्या आणि 2014 मध्ये उत्तरेतलं मोसुल अतिरेक्यांच्या हाती गेलं. तिथेच आपले 39 मजूर ओलीस धरून मारले गेले. आपले जवान त्याच भागात गेले असते तर... नुसत्या कल्पनेनं पोटात गोळा येतो.

आपण 'नाही' म्हणालो त्यामागे श्रीलंकेचा चटका होता, असं मला वाटतं. 29 जुलै 1987 ला राजीव गांधी आणि जयवर्धने यांच्यात करार झाला आणि आपली शांतिसेना तिथे गेली. गेली तमिळांच्या रक्षणासाठी, आणि काही महिन्यांतच तमिळ वाघांशीच लढू लागली! 1988 च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या बंदुकांच्या सावलीत तिथे प्रांतिक निवडणूक झाली, वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले. मार्च 1990 मध्ये आपलं सैन्य परतलं, त्याच महिन्यात ते मुख्यमंत्रीही भारतात आश्रयाला आले. परिषद गुंडाळली गेली. आपले अकराशेहून जास्त जवान गेले, आणि 21 मे 1991 ला राजीव गांधीही. माझ्या ओळखीच्या एका बाईंचा भाऊ त्या सेनेत होता. तो धडधाकट परत आला, पण त्या सांगतात, "कोनाशी लढून आला, हे मायले त्याले कधीच सांगता आलं नाई."

मग 1971 चं काय, असं कुणी विचारेल. ते वेगळं होतं. जवळजवळ एक कोटी निर्वासित आपल्या अंगणात आले होते, आणि लढाई संपल्यावर तीन महिन्यांत आपलं सैन्य परतलं. (तरी 1975 मध्ये तिथे मुजीबुर रहमान यांची हत्या झाली आणि मग लष्कराचं राज्य आलं, हेही विसरू नये.) आणि गोवा तर आपलाच. 19 डिसेंबर 1961 ला तो मुक्त झाला, तेव्हा सुरक्षा परिषदेत आपल्याला माघार घ्या म्हणणाऱ्यांत अमेरिकाच पुढे होती, रशियाच्या नकाराधिकारानं आपण वाचलो. 1967 मध्ये गोवेकरांना विचारलं, महाराष्ट्रात येता का? ते 'नको' म्हणाले. आपल्याला बोचलं, पण मानलं.

मला खरं अडवतं ते अफगाणिस्तान. तिथे आपण लढायला सैन्य पाठवलं नाही. रस्ता बांधला, धरण बांधलं, काबूलला संसदेची इमारत बांधून दिली, 2015 मध्ये तिचं उद्‌घाटनही झालं. परक्या फौजांच्या त्या वीस वर्षांत तिथल्या मुली डॉक्टर झाल्या, संसदेत बायकांसाठी 68 जागा राखीव होत्या. आपल्या लोकसभेत तेव्हा तेवढं आरक्षणही नव्हतं! मग 15 ऑगस्ट 2021 ला तालिबान काबूलमध्ये शिरले. सहावीनंतर मुलींच्या शाळा बंद झाल्या. आता त्या इमारतीत बसायला निवडून आलेलं कुणीच नाही.

माझं मत सैन्य न पाठवण्याच्या बाजूनं आहे. पण त्या वीस वर्षांत शिकलेल्या मुलीला कुणी विचारलं, तर ती काय सांगेल? आपल्याकडे परदेशी सैन्य धाडताना आधी संसदेत मतदान घ्यायची सक्ती नाही, मंत्रिमंडळ ठरवतं. म्हणून पुढच्या निवडणुकीत उमेदवार हात जोडून दारात आला की नळ-रस्त्यांसोबत एवढंही विचारायचं मी ठरवलंय, "भाऊ, अशी वेळ आली तर तुम्ही काय म्हणाल?"